जोर ‘फॅ’वर

९ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखशील आणि न उघडताच ठेवून देशील. ठेव. फाडू मात्र नकोस. पान दोन्ही बाजूंनी लिहिलंय आणि तुझ्या ताईचं अक्षर अजूनही वाचण्यासारखं आहे.

आठ वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. आई गेल्यावर उरलंय कोण? तू तिकडे, मी इथे. बंद पडला तो छापखाना, त्यालाही दोन वर्षं झाली. चौतीस वर्षं कायद्याच्या इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासली आणि एका सोमवारी मालक म्हणाले, "बाई, उद्यापासून यायचं नाही." मला आधी वाटलं, माझं काही चुकलं. मग कळलं, सगळ्यांनाच तेच सांगितलंय. खरं सांगते, हायसं वाटलं.

तेव्हापासून मी घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनने खुणा करत होते. दाखवायच्या कोणाला, तर कोणालाच नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला चाव्या करून देणाऱ्याचं दुकान आहे ना, त्याच्या वरच्या मजल्यावर अंधांसाठी वाचनालय आहे. तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात. गेल्या आठवड्यात जिन्याशी कागद लावलेला दिसला, ‘इंग्रजी वाचणारे हवेत.’ म्हटलं, या गल्लीत आपल्यापेक्षा जास्त इंग्रजी कोणी वाचलंय?

परीक्षा असते. तीन पानं वाचायची, पाच चुकांपर्यंत माफ. तपासायला साठीचे एक गृहस्थ बसले होते. जन्मापासून दृष्टी नाही; चाळीस वर्षं नुसती पुस्तकं ऐकत आलेले. सगळे त्यांना कानसेन म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. मी ऐटीत वाचलं. कुठे अडखळले नाही. संपल्यावर ते म्हणाले, "आवाज छान आहे. दमही छान आहे. एकतीस."

"एकतीस काय?"

"चुका."

धाकटे, चौतीस वर्षांत माझ्या नजरेतून छापील एकतीस चुका सुटल्या नसतील. मी म्हटलं, "यादी द्या." त्यांनी सगळी यादी तोंडपाठ म्हणायला घेतली, क्रमाने. सतराव्या शब्दावर आले तेव्हा मी पर्स उचलली आणि तडक जिना उतरले.

सतरावा शब्द कोणता ते लिहीत नाही. तुला कळलंच असेल.

ताई


२० जानेवारी

धाकटे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मी परत गेले. चार दिवस मनातल्या मनात कानसेनांशी भांडत होते. पाचव्या दिवशी लक्षात आलं की इतकं भांडून ते एकदाही हरलेले नाहीत. मग चपला घातल्या.

दारात पाऊल टाकलं तोच आतून आवाज आला, "या, बाई."

"मीच आहे हे कसं कळलं?"

"डाव्या चपलेचा पट्टा निसटलाय तुमच्या. त्या दिवशीही फटफट वाजत होता."

मी म्हटलं, "मला ते शब्द शिकायचेत."

"एकतीसच्या एकतीस?"

"आधी सतरावा."

आता लिहितेच. इंडिफॅटिगब्ली. अर्थ, न थकता. तुझ्या भाषणात मीच घातला होता तो. तू पंधरा वर्षांची, मी एकोणतीस. सगळ्या शाळांची मिळून इंग्रजी वक्तृत्वाची स्पर्धा. साथीच्या दिवसांत एकवीस दिवस न थकता राबलेल्या एका परिचारिकेवर मी तुला भाषण लिहून दिलं आणि ‘न थकता’साठी हा शब्द शोधून काढला. साधासुधा शब्द घातला असता तर चाललं नसतं का? नाही. कळस हवा होता ना मला. दमणं म्हणजे ‘फटीग’, म्हणून न दमता म्हणजे ‘इनडिफटीगेबली’, असं मी तुला घोकून घेतलं. तू घाबरत म्हणालीस, "वर्गातली एक मुलगी वेगळं म्हणते, ताई." आणि मी म्हटलं, "तिने किती पुस्तकं तपासली आहेत?"

तोवर तो शब्द मी शंभर वेळा पाहिला असेल. ऐकला एकदाही नव्हता. छापखान्यात माझ्याशी इंग्रजी कोण बोलणार? यंत्रं सुरू झाली की आपल्या भाषेतलंही ऐकू यायचं नाही.

स्पर्धेच्या परीक्षक बाईंचंच बरोबर होतं, असं मी म्हणत नाहीये. हसायला नको होतं त्यांनी. एवढंच म्हणते की कानसेनांनाही तो शब्द त्यांच्यासारखाच म्हणायचा असतो.

मी त्यांच्याशी वाद घातला. "फटीगवरूनच आलाय ना हा? मग फटीगेबली का नाही?"

ते म्हणाले, "एका घरातले आहेत म्हणून काय झालं? सख्ख्या बहिणींचा स्वभाव सारखा असतो का? या शब्दात सगळा जोर ‘फॅ’वर. इन्, डि, फॅ! तिथे उडी मारायची आणि पुढचं घरंगळू द्यायचं. टि-ग-ब्ली. तुम्ही ‘टी’वर ओझं टाकता आणि ‘गे’ तर चांगला खुर्ची देऊन बसवता. ‘गे’ नाहीच तिथे. नुसता ‘ग’, तोही उभ्या उभ्या येऊन जाणारा."

टेबलावर बोटाचं पेर आपटून त्यांनी दाखवलं. दोन हलके टोले, तिसरा ठणकावून, मग तीन हलके. मी म्हटलं. ते म्हणाले, "नाही." पुन्हा म्हटलं. "नाही." बत्तीस वर्षांची सवय जिभेवर घट्ट बसलीय गं. निघताना ते म्हणाले, "घरी जाऊन म्हणा. भांडी घासताना म्हणा. जीभ बेसावध असते तेव्हा शिकते."

दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली आली. "काकू, सकाळपासून कोणाला बोलावताय? की शिव्या देताय?"

मीही त्यांना एक गोष्ट शिकवतेय. ते सगळं कानाने शिकलेले. ब्रेल लिपी उशिरा हाती आली, त्यामुळे स्पेलिंगच्या नावाने आनंद आहे. त्यांनी टाइप केलेल्या पत्रात ‘नॉलेज’ हा शब्द ‘एन’पासून सुरू होत होता. मी म्हटलं, "आधी ‘के’ असतो." ते म्हणाले, "मग वाजत का नाही?" दोघंही इतके हसलो की संचालिकाबाई केबिनमधून उठून बघायला आल्या.

ताई


८ फेब्रुवारी

धाकटे,

आता काम गंभीर झालंय.

वाचनालयात तेवीस वर्षांची एक मुलगी येते. तिलाही जन्मापासून दिसत नाही. वकिलीची शेवटची परीक्षा तिची मे महिन्यात आहे. सगळे तिला आत्तापासूनच वकीलबाई म्हणतात, कारण ती चहा मागतानासुद्धा दोन मुद्दे मांडते. तिला करारांच्या कायद्यावरचं एक जुनं जाडजूड पुस्तक हवंय, सहाशे बारा पानं, आणि निम्म्या पानांना तळटिपा. मशीनकडून वाचून घ्यायला बघितलं तिने. मशीन तळटीप वाक्याच्या मधोमध घुसवतं आणि पान क्रमांक कलमाला चिकटवतं. हे पुस्तक वाचायला एक निवृत्त मास्तर कबूल झाले होते, पण त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि वर्षभर बोलायला बंदी आली.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही हे पुस्तक तपासलं होतंत म्हणे?"

"तिसरी आवृत्ती. दोनदा."

"मग तुम्हीच वाचा."

संचालिकाबाई म्हणाल्या, "नियम आहे. परीक्षा पास झाल्याशिवाय माइकसमोर कोणालाही बसवता येत नाही. इथली मुलं जे ऐकतात तेच पुढे जगात बोलतात. आपण चुकीचं शिकवलं तर चारचौघांत हसं त्यांचं होतं, आपलं नाही."

हे त्या वकीलबाईला समजावत होत्या. लागलं ते मला.

त्या दिवशी मला सगळं सभागृह पुन्हा दिसलं. तू तो शब्द म्हटलास, परीक्षक बाई हसल्या, मागून दुसरं कोणीतरी हसलं आणि तू गप्प झालीस. पुढचं वाक्य तुला येत होतं. ओठ हलत होते तुझे. आणि मी काय केलं? मी खुर्चीवरून उठले आणि भर सभेत ओरडले, "फटीगेबलीच बरोबर आहे!" तेव्हा सगळेच हसले. तुझ्या एका चुकीचा मी तमाशा केला. तू मंचावरून उतरलीस ती पुन्हा कधी चढली नाहीस. कॉलेजात नाही, कुठेच नाही. पुढे तू प्रयोगशाळेतलं काम निवडलंस, काचेच्या नळ्या आणि बंद दार. मी सगळ्यांना सांगायची, "तिला शांतता आवडते."

आता जे लिहिते ते बत्तीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेल्या गेल्या मी मोठा शब्दकोश काढला. ‘फॅ’च्या आधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते, जोर कुठे द्यायचा ते सांगणारी. होती तिथे. स्पष्ट होती. मी शब्दकोश मिटला आणि जागेवर ठेवला. घरी आले तेव्हा तू अंथरुणात तोंड भिंतीकडे करून पडली होतीस. मी तुला म्हटलं, "त्या परीक्षक बाईला काही येत नाही."

एक शब्द होता, धाकटे. तेव्हाच तुला सांगितलं असतं तर तेवढ्यावर संपलं असतं.

परीक्षा एक मार्चला आहे.

ताई


२४ फेब्रुवारी

फक्त एवढंच कळवायला. आज सकाळी दूध उकळताना जीभ बेसावध होती आणि शब्द बरोबर आला. आधी कळलंच नाही. मग दूध उतू गेलं तरी मी तिथेच उभी राहून तो नऊ वेळा म्हटला. नऊच्या नऊ बरोबर.


२ मार्च

धाकटे,

चार! चारच चुका! पाच माफ असतात, मला चार!

नीट सांगते. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एक कपाटच आहे. भिंतींना जाड राखाडी फोम, एक टेबल, एक माइक, समोर काच. काचेपलीकडे कानसेन, संचालिकाबाई आणि, नियमात बसत नसताना, वकीलबाई. पानं कोणती येणार ते आधी सांगत नाहीत. त्या मुलीच्याच पुस्तकाची प्रस्तावना निघाली. तिसऱ्या आवृत्तीत मी एक स्वल्पविराम घालायला सांगितला होता, तो अजून जागेवर आहे. त्याला बघून धीर आला.

पहिलं पान स्वच्छ गेलं. दुसऱ्यावर ‘क्लोद्स’ म्हणताना अडखळले आणि ‘ज्वेलरी’ चुकले, हे माझं मलाच कळलं. कायद्याच्या पुस्तकात कपडे आणि दागिने कशाला हवेत मला सांग. तिसऱ्या पानावर, पाच ओळी आधीच, तो दिसला. लेखकाने आपल्या मदतनिसाचे आभार मानले होते, त्याने अमुक वर्षं न थकता काम केलं म्हणून. पाच ओळी मी कशा वाचल्या मला आठवत नाही. डोक्यात ‘फटीग, फटीग’ सुरू झालं. वाटलं, थांबावं, पाणी मागावं.

मग म्हटलं, बघ बाई, बत्तीस वर्षं तू या शब्दाला घाबरून आहेस आणि तो बिचारा काळ्या शाईतला एक शब्द आहे. श्वास घेतला आणि ‘फॅ’वर उडी मारली.

इंडिफॅटिगब्ली.

घरंगळला गं! लोण्यासारखा गेला. मी पुढचं वाक्य वाचतेय आणि काचेपलीकडे कानसेनांचा हात वर उठलेला दिसतोय, गाण्यात समेवर दाद देतात तसा.

बाहेर आले तर संचालिकाबाईंनी कागदावर आकडा लिहून ठेवला होता. मी विचारलं, "पास?" त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊला या. घशाला गरम पाणी आणा." वकीलबाईने माझा हात धरला आणि सोडेचना. म्हणाली, "मी माझी केस जिंकले." मी म्हटलं, "केस तुझी नाही, माझी होती." ती म्हणाली, "मग दोघींची."

घरी येताना मी तो शब्द रस्त्यात मोठ्याने म्हटला. चावीवाल्याने वर बघितलं आणि विचारलं, "काय मावशी, काही हवं का?" मी म्हटलं, "काही नको. सगळं मिळालं."

सगळं नाही मिळालं. पण आज एवढं बोलू दे.

तुझी ताई


१४ एप्रिल

धाकटे,

काल पुस्तक संपलं. सहाशे बारा पानं, सगळ्या तळटिपांसकट, सहा आठवड्यांत. आवाज बसला तेव्हा मधाच्या पाण्यावर काढले दोन दिवस. कानसेन रोज पलीकडे कान लावून बसायचे आणि चूक ऐकू आली की काचेवर टकटक करायचे. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस वेळा टकटक. शेवटच्या आठवड्यात सगळी मिळून तीन.

एक गोष्ट झाली त्यात. टकटक झाली की सुरुवातीला माझ्या तोंडून यायचं, "पण तसंही म्हणतात," किंवा "छापील चूक असेल." कानसेन थांबून राहायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी मी म्हणायला लागले, "चुकलं. पुन्हा घेते." एवढंच. त्याने काही होत नाही. छत कोसळत नाही. पुन्हा घ्यायचं आणि पुढे जायचं.

म्हणून आता दुसरं लिहिते. हे त्या शब्दापेक्षा जड आहे.

आई आजारी पडली तेव्हा मी तुला बारा दिवस कळवलं नाही. डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले होते, काळजीचं कारण नाही. पण चौथ्या दिवशी ते वेगळं म्हणाले. चौथ्या दिवशी, धाकटे. ते मी तुला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, मी सांभाळते, मला कळतं, तिला कशाला धावपळ. खरं म्हणजे मला असं वाटत होतं की तुला बोलावलं तर माझा अंदाज चुकला असं ठरेल. आईने दोनदा तुझं नाव घेतलं. मी तिला म्हटलं, "येतेय ती." तुला तर मी सांगितलंच नव्हतं.

तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू विचारलंस, "आधी का कळवलं नाहीस?" मी म्हटलं, "कळवून काय झालं असतं?" तू म्हणालीस, "ताई, एकदा तरी म्हण, चुकलं." मी म्हटलं, "माझं काही चुकलेलं नाही." तू बॅग उचललीस.

चुकलं माझं. चौथ्या दिवशी तुला फोन करायला हवा होता. तू वेळेवर पोचली असतीस. आईला तू भेटली असतीस. ते मी तुझ्याकडून आणि तिच्याकडून काढून घेतलं.

हे पुन्हा घेता येत नाही, माहीत आहे मला. तरी म्हटलं.

ताई


२६ जून

धाकटे,

पास झाली! नुसती पास नाही, करारांच्या पेपरात सगळ्यांत पहिली! निकाल कळल्यावर ती वाचनालयाचा जिना काठी न टेकता धडाधड चढून आली आणि वरच्या पायरीवरून ओरडली, "कुठेय माझा आवाज?" मला उद्देशून, बरं का. म्हणाली, पेपरात प्रश्न वाचून दाखवला की उत्तर माझ्या आवाजात आठवायचं, तळटिपेसकट.

रविवारी वाचनालयाचा मेळावा झाला. दोनशे माणसं. निम्म्यांना दिसत नाही, पण समोर बसली की असं वाटतं, आपल्याला आरपार बघतायत. संचालिकाबाई म्हणाल्या, "एक पान वाचा आणि दोन शब्द बोला." मी आयुष्यात मंचावर चढले नव्हते, खाली बसून ओरडण्याचा तेवढा अनुभव.

पायऱ्या चढले. मग मी माइकशी उभी राहून सांगितलं. सगळं. एक मुलगी होती, तिची एक शहाणी मोठी बहीण होती, आणि त्या बहिणीने तिला एक शब्द चुकीचा शिकवला. मुलगी हरली. मोठीला दुसऱ्या दिवशी कळलं की चूक आपली आहे, आणि तिने शब्दकोश मिटून ठेवला. मी म्हटलं, "परीक्षक बरोबर होत्या. वर्गातली मैत्रीण बरोबर होती. माझी धाकटी बहीण बरोबर होती. तिला शंका आली होती आणि मी तिला गप्प केलं. तिने त्या दिवशी हरायला नको होतं. हरले मी होते." मग मी तो शब्द म्हटला. जोर जिथे द्यायचा तिथे देऊन.

टाळ्या म्हणजे काय वाजल्या! पुढच्या रांगेतले एक आजोबा काठी जमिनीवर आपटत होते. कानसेन उभे राहिले आणि रडायला लागले आणि म्हणाले, "बाई, आज मी काही तपासत नाही." त्यानंतर मी पान वाचलं, एका लहान मुलांच्या इंग्रजी गोष्टीचं, तेव्हा सगळे माझ्याबरोबर हसले. माझ्यावर नाही, माझ्याबरोबर.

रेकॉर्डिंग सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. ऐकावंसं वाटलं तर ऐक. माझ्या समजुतीसाठी नको. तुझं नाव नाही घेतलं त्यात, पण ती दोनशे माणसं आता तुझ्या बाजूची आहेत.

तुझी ताई


११ जुलै

धाकटे,

तू फोन ठेवून अजून तास झाला नाही आणि मी लिहायला बसलेय. सवय लागली आता, काय करू?

फोन वाजला तेव्हा मला वाटलं, गॅसवाला. उचलला तर पलीकडे कोणी बोलेना. मी म्हटलं, "सिलिंडर उद्या आणा." तेव्हा तू म्हणालीस, "सटल."

"काय?"

"त्या गोष्टीच्या पानात दोनदा आलाय. तू ‘सबटल’ म्हणालीस. त्यात ‘बी’ असतो, पण म्हणत नाहीत. सटल म्हणतात."

आठ वर्षांनी तुझं पहिलं वाक्य. मी काही विचार केला नाही, तोंडातून आलंच, "चुकलं."

तू मग म्हणालीस, "पुन्हा म्हण."

"सटल."

"ते नाही, ताई. आधीचं."

"चुकलं गं. चुकलं माझं."

तेव्हा तू रडायला लागलीस, मग मी, आणि मग तू मधेच हसलीस आणि म्हणालीस, "कानसेनांनी कसं सोडलं ते?" मी म्हटलं, "ते रडत होते." तू म्हणालीस, "मग तपासनीस बदला."

आईचं तू जे सांगितलंस ते मी कोणाला सांगणार नाही. आई जायच्या आधीच्या तीन आठवड्यांत तूही तिला फोन केला नव्हतास आणि म्हणून माझ्यावर जास्त चिडलीस, हे तू आजवर एकटीने वाहत होतीस. माझ्यामुळेच की ते. मी एकदा ‘चुकलं’ म्हटलं असतं तर तुलाही म्हणता आलं असतं. रागावले नाही मी. कशी रागवेन?

आणि आता ऐक, कारण फोनवर तू ‘बघू’ म्हणून टाळलंस. वकीलबाईच्या मैत्रिणीला रसायनशास्त्राचं पुस्तक हवंय. मी पहिलं पान उघडून बघितलं आणि मिटलं. त्यातलं एक एक नाव म्हणजे मालगाडी आहे. कानसेनांनाही ती नावं येत नाहीत, ते म्हणाले, "हे रोज तोंडात असलेलं माणूस पाहिजे." मी म्हटलं, आहे माझ्याकडे. खोली लहान आहे. समोर कोणी बसत नाही, एक काच असते. चूक झाली तर फक्त टकटक होते. आठ दिवसांची रजा घेतलीच आहेस, तर त्यातली एक सकाळ दे.

शनिवारची सकाळची गाडी साडेदहाला पोचते. मी दहालाच येईन, तू कितीही नको म्हणालीस तरी. हे पत्र तू निघायच्या आधी तुला मिळणार नाही, हे मला कळतंय. परत जाऊन दार उघडशील तेव्हा आत पडलेलं असेल. असू दे. तोवर आपलं सगळं बोलून झालेलं असेल आणि घर तुला एकदम गप्प वाटेल. तेव्हा बॅग न उघडता आधी हे वाच आणि पोचल्याचा फोन कर.

तुझी ताई